उष्टी हळद

राजनंदिनी पडली तेव्हा तिच्या कडेवर पाण्याची घागर होती, आणि पडल्या पडल्या तिनं आधी घागरीकडं पाहिलं. चेमटली नव्हती. मग कुठं तिला कपाळाची कळ कळली.

मांडवाच्या कडेची फरशी ओली होती. सकाळपासून तिच्या अशा वीस खेपा झाल्या होत्या. पाणी आणून कडेला ठेवायचं, आत घरात जायचं. मांडवात कडेलगतच पाट होता, पाटावर तिचा धाकटा दीर शिवहार बनियन-टॉवेलवर लाजत बसला होता आणि समोर पितळी वाटीत तेलात कालवलेली हळद होती. सवाष्णींनी ती नवरदेवाला लावायची, आणि उरलेली उष्टी हळद दुपारच्या जीपनं औंढ्याला नवरीकडं जायची.

ती हळद राजनंदिनीनंच रानात लावली होती. खणली होती, कढईत शिजवली होती, उन्हात वाळवली होती. शेतात होती तोवर तिचा हात चालत होता. वाटीत आली तसा चालेना. तिचा नवरा रामप्रसाद जाऊन दोन वर्षं झाली होती.

"तू आतलं बघ," असं सासूनं, सुभद्राबाईनं, सकाळीच सांगितलं होतं. आवाज न चढवता. सुभद्राबाई स्वतः पंधरा वर्षांपासून विधवा होती आणि पोटच्या पोराच्या हळदीला लांब ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. नियम तिनं आधी स्वतःला लावला होता, मग सुनेला. त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती.

"वैनी!" म्हणत शिवहार अर्धा उठला.

"बस खाली," त्याची आत्या जनकाबाई ओरडली. "पाटावरून उठत नसतेत."

सुभद्राबाई मात्र उठली. पुसेगावात कुणी पडलं, मुरगळलं, सुजलं की आधी तिच्याकडं यायचं आणि तिनं हाकललं तरच दवाखान्यात जायचं. ती सुनेजवळ फतकल मारून बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"अंधारी आली का? मळमळायलंय?"

"न्हाई."

"किती बोटं दिसायलीत?"

"तीन. उठते मी आत्याबाई, पाणी सांडलं सगळं."

"पाणी कुठं पळून चाललंय? पड गुमान."

तिनं सुनेचा कोपर दुमडून, उलगडून पाहिला. हाड शाबूत होतं. माठातलं गार पाणी आणवलं, पदराचं टोक त्यात भिजवलं आणि कपाळावर दाबून धरलं. काढलं तेव्हा टेंगूळ दिसलं. लिंबाएवढं, बरोबर भुवयांच्या मधोमध. दोन वर्षांत त्या जागेकडं घरात कुणी नीट पाहिलं नव्हतं.

सुभद्राबाईनं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मिना, हळदीचा डबा आण गं."

जनकाबाईची मिना पळत गेली आणि तशीच परत आली. "मामी, डबा आचाऱ्यानं नेलाय."

पितळी वाटी हातभर अंतरावर होती. सुभद्राबाईनं ती ओढली आणि दोन बोटं बुडवली. सुनेच्या कपाळावर तिनं जाड लेप दिला, कडेकडून मधे, फुंकर घालत. शेवटी अंगठ्यानं कडा सारखी केली.

"चुणचुणंल जरा. पुसू नको."

मांडवातलं गाणं कडव्याच्या मधेच थांबलं. काय झालं ते राजनंदिनीला त्याच्याही आधी कळलं होतं. म्हातारी घाबरली, हात सवयीनं गेला, असंच तिला वाटलं. तिला सासूचीच लाज राखावीशी वाटली. पुसायला तिनं हात वर नेला, तर सासूनं मनगट धरलं.

जनकाबाई जवळ आली आणि हलक्या आवाजात बोलली. भावजयीची ती फार इज्जत करायची.

"घाईत व्हतं असं, वैनी. कुणी काही म्हणत न्हाई. पर ही हळद आता उष्टी झाली. मी दुसरी कालवते."

सुभद्राबाईनं बोटं पुसली नाहीत. वाटी उचलून तिनं राजनंदिनीच्या हातात दिली, आणि पाटावर मान खाली घालून बसलेल्या पोराकडं बोट दाखवलं.

"दुसरी काहून, वन्सं?" ती म्हणाली. "नवरीला उष्टीच पाठवायची असती ना?"