दोन टिंबं

"आधी तो रुमाल खिशात घाल, मग बोल," ठमी म्हणाली.

दादानं त्याच रुमालानं नाक पुसलं, मग मान पुसली आणि घडी घालून खिशात ठेवला. कोर्टाच्या व्हरांड्यातला अख्खा बाक रिकामा असताना हा नेमका चिकटून बसला होता. घराच्या किल्लीनं कान कोरायचा, आणि विचारात पडला की तीच किल्ली दातांत धरायचा. शी. सख्खा भाऊ म्हणे.

"ठमे, ते पत्र परत घे."

"का? घाम फुटला?"

"घर घे. अर्धं नको, सगळं घे. आजच लिहून देतो. पण पत्र तेवढं परत घे."

कसा सुतासारखा सरळ आला होता!

बाबा गेल्यावर यानंच मृत्युपत्र कोर्टात दिलं होतं. घर मुलाला, मुलीशी आमचा संबंध नाही. खाली बाबांची सही. तिनं बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून ते ठमीशी अकरा वर्षं बोलले नव्हते, हे खरं. पण जायच्या महिनाभर आधी त्यांचं पत्र आलं होतं. 'माझा राग गेला. घर तुझंही आहे.' ते उशाखाली घेतल्याशिवाय तिला झोप यायची नाही. तेच तिनं पुरावा म्हणून कोर्टात दिलं होतं.

पत्रातल्या सहीखाली दोन टिंबं होती. मृत्युपत्रावरच्या सहीखाली एकही नव्हतं. निदान नक्कल तरी नीट करायची!

बाबांची सही तिला तोंडपाठ होती. शाळेत गणितात दांडी उडाली की प्रगतिपुस्तक घेऊन बाबांसमोर जायची तिची छाती नव्हती. दादाच ते आत न्यायचा आणि पाच मिनिटांत आणून द्यायचा. शाई ओली, टिंबं दोन. तेव्हा दादा म्हणजे तिचा जीव की प्राण होता. आता त्याचं नुसतं चप्पल फरफटणं ऐकलं तरी अंगावर काटा यायचा.

ठमीच्या वकीलबाई बाहेर आल्या. "कोर्टात दिलेला कागद असा परत मिळत नाही," त्यांनी दादाला ऐकवलं आणि ठमीला बाजूला घेतलं. "मृत्युपत्राचा कागद कोर्टाच्या ताब्यात असताना कुणी त्यात फेरफार केला असेल, तर खटल्यासाठी तक्रार कोर्टानंच करायची. घरून बनवून आणला असेल, तर तुम्ही थेट पोलिसात जाऊ शकता."

"घरूनच आणलाय."

"एकदा तक्रार दिली की माझं मन बदललं म्हणून चालणार नाही. भावाचं नाव घालू?"

"बाबांची खोटी सही करणारा जो कुणी असेल तो, असं घाला. तपासात नाव आपोआप येईल. त्याला आत बसलेला बघायचाय मला."

दोन महिन्यांनी हस्ताक्षरतज्ज्ञांचा अहवाल आला. त्याच व्हरांड्यात, त्याच बाकापाशी, फौजदारसाहेब कागद घेऊन उभे होते; दादा बाकाच्या टोकाला बसला होता. वकीलबाईंनी अहवाल वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"मृत्युपत्रावरची सही खरी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बँक, पेन्शन, नोकरीतले कागद, चाळीस वर्षांच्या सह्यांशी जुळते. पत्रावरची खोटी आहे."

"कसं शक्य आहे? टिंबं बघा की."

"तेच तर. तुमच्या वडिलांनी सहीखाली कधीच टिंबं दिली नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

ठमी बाकावर बसली. फौजदारसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"पत्र कुणी लिहिलंय, काही कल्पना?"

दादानं दातांतली किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि ठमीच्या मांडीवर ठेवली.

"मी," तो म्हणाला. "ही सही मी हिच्या चौथीच्या प्रगतिपुस्तकापासून करतोय."