पिवळे तांदूळ

“शारदा, परवा तुझ्या ताईचं लग्न. मग आम्हाला का नाही बोलावलंस?”

हे विचारून दाखव, असं आर्या आणि प्रियंकानं संहिताला डिवचलं होतं, आणि मधल्या सुट्टीत तिनं विचारलंच. डिबेटमध्ये पहिली आल्यापासून संहिता कुणालाही काहीही विचारायची. परवाच तिनं थेट प्रिन्सिपलना बंद पंख्यांबद्दल विचारलं होतं. आणि शारदा तर वर्गातलीच. बायपासजवळ संहिताची टाऊनशिप, तिच्या भिंतीपलीकडे शारदाचं गाव. लग्नाची ढोलक रोज भिंतीवरून ऐकू येत होती.

शारदानं डब्याचं झाकण लावलं.

“बुलाने ही तो आए थे दादाजी. सबसे पहले तेरे घर, पीले चावल लेके.”

हळदीत रंगवलेले तांदूळ. गावात लग्नाचं बोलावणं असंच देतात. घरातल्या मोठ्या माणसानं दारात यायचं आणि हातावर तांदूळ ठेवायचे.

“तो गेट पे छोड़ देते,” प्रियंका म्हणाली.

“चावल गेट पे नहीं छोड़ते.” शारदाचा आवाज बारीक झाला. टाऊनशिपच्या गेटवरच्या गार्डनं दादाजींचा फोटो काढून संहिताच्या घरी फोनवर पाठवला, तिथून नकार आला, असं तिनं सांगितलं. दादाजी थाळी झाकून तसेच परत फिरले. घरी येऊन म्हणाले, भिंतीपलीकडे आता कुणाकडेच जायचं नाही.

“मना किसने किया?” आर्यानं विचारलं.

तिघी संहिताकडे बघू लागल्या. उत्तर द्यायला तिला कधी वेळ लागत नसे. आताही लागला नाही.

“पापा ने किया होगा यार. वो देखते ही कहाँ हैं, सीधा मना.”

“चल, कोई नहीं,” शारदा म्हणाली. “अंकल को क्या पता, किसके दादाजी हैं.” तिनं डबा पुन्हा उघडला आणि लग्नासाठी तळलेली एक खारी मठरी संहिताच्या हातावर ठेवली.

संहितानं ती तोंडात घातली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. आई-बाबा दोघं ऑफिसला, म्हणून गेटवर घरचा नंबर म्हणून तिचाच दिलेला होता. दादाजी आले त्या दिवशी ती आरशासमोर भाषणाची तयारी करत होती. फोन वाजला. फोटोत लाल पगडीतला एक म्हातारा माणूस, हातात थाळी, थाळीवर कापड. आला कुणी चंदा-वर्गणी मागायला, असं म्हणून तिनं नकार दाबला आणि पुन्हा आरशाकडे वळली. शहरातलं छत्रीबागेतलं जुनं घर सोडून इकडे आल्यापासून असे कितीतरी नकार तिनं दाबले होते. पण हा एक तिनं आज बाबांच्या नावावर टाकला होता. आणि शारदानं वर त्यांना माफही करून टाकलं होतं.

संध्याकाळी आई-बाबा चहाला बसले.

“काय गं, आज डिबेट चॅम्पियनची बोलती बंद?” बाबांनी शेवेची वाटी तिच्यापुढे सरकवली.

संहिता उभीच राहिली.

“परवा मी शारदाच्या ताईच्या लग्नाला जातेय.”

“बोलावलंय का त्यांनी?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग बिनबोलावता कशी जाशील? बरं दिसतं का ते?”

“बोलवायला आले होते, आई. तिच्या दादाजींना गेटवरून मी परत पाठवलं. आणि वर्गात नाव सांगितलं बाबांचं.”

बाबांनी कप खाली ठेवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“मी त्यांच्या दारात उभी राहणार आहे,” संहिता म्हणाली. “सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. मग आत घ्यायचं की परत पाठवायचं, ते दादाजी ठरवतील.”