पाळीवरचे ध्यान

इंग्रजांच्या अमदानीत तिरोड्याजवळच्या एका गावी केशोरावांनी अंतरीचा देव शोधायचे मनावर घेतले. आसनासाठी त्यांनी तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, पाणी सोडायच्या मोरीवर बसवलेला सपाट दगड निवडला. रोज पहाटे तिथे डोळे मिटून ते साऱ्या जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करीत. पण धान पोटरीला आले तरी ना प्रकाश दिसला, ना नाद ऐकू आला. आठवे ती फक्त बायकोच्या, देवकाबाईंच्या हातची आंबील.

अखेर हिरमुसून त्यांनी घोंगडी गुंडाळली. "देव भेटत नाही, अन् जगाची शांती तर दूरच. उद्यापासून बसणं बंद!"

"मी तं कवाची सांगून राहिली जी," देवकाबाई म्हणाल्या, "पण बायकोचं आयकते कोण?"

ही बातमी कळताच गावाच्या वरच्या आणि खालच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारी माणसे एकच नारळ घेऊन अंगणात हजर झाली.


"बुवा, उठू नका जी तिथून," त्यांच्यातल्या सेवकरामने हात जोडले, "तुम्ही मोरीवर बसून राहिले म्हणून पहाटे चोरून पाणी सोडाची कोणाची छाती झाली नाही, अन् यंदा पहिल्यांदा दोन्ही टोल्यांत एकही डोकं फुटलं नाही!"