सारखी वाटणी

"दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"हो," आई म्हणाली. "ओतल्या, हलवल्या आणि रोज जेवण झालं की दोघींना एकेक दिली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. खोलीचं दार नीट लागत नव्हतं. फटीतून बाहेरचं बाकडं दिसत होतं आणि बाकड्यावर तिच्या दोन्ही मुली. थोरली धाकटीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. धाकटी मान ताठ धरून बसली होती. परवापासून कोणीतरी तिला नावानं हाका मारत होतं. त्या हाका घरात दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नव्हत्या.

आईच्या सख्ख्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, कॉलेजात असताना. पुढे तो बहिणीलाही ओळखेनासा झाला. दोन्ही मुली पाठोपाठ गप्प गप्प राहायला लागल्या, त्यांची झोप उडाली, तशी त्याच धास्तीनं ती त्यांना घेऊन तडक इथं आली. इथं नव्या औषधाची चाचणी चालू होती. आजार अजून पुरता आलेला नाही, पण दारात येऊन उभा आहे, अशा तरुण मुलांसाठी. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाच्या बाटलीत काय, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. त्यांनीच हे समजावून सांगितलं होतं आणि तिनं मान डोलावली होती. लपवाछपवी कोणी केली नव्हती.

पण घरी आल्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तिचं डोकंच फिरलं. म्हणजे एकीला औषध आणि एकीला ठेंगा? जन्मभर शिवणकाम करत आलेली बाई ती. एका कापडातून दोघींचे फ्रॉक बेतताना तिनं कधी कोणाला झुकतं माप दिलं नव्हतं. तिनं बिस्किटांचा रिकामा डबा पुसून कोरडा केला आणि दोन्ही बाटल्या त्यात उपड्या केल्या. जे काय असेल ते दोघींना अर्धं अर्धं तरी मिळेल.

आज तपासणीत धाकटीनंच ते सहज बोलता बोलता सांगून टाकलं होतं.

"काय करून बसलात, कळतंय का तुम्हाला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "इतक्या लोकांची मेहनत मातीत घातलीत. ते एक वेळ जाऊ द्या. धाकटीच्या वाट्याचं औषध तुम्ही थोरलीला चारलंत, म्हणून आज तिच्यावर ही वेळ आलीय. दुसऱ्या कोणी नाही, सख्ख्या आईनं आणलीय."

कोणाच्या बाटलीत काय, ते आपल्यालाही माहीत नाही, हे त्यांचं त्यांनाच आठवलं नाही. एवढा शिकलेला माणूस, पण निकाल देऊन मोकळा झाला.

बाहेर थोरलीचे हात वेणीवर थांबले. धाकटी दाराकडे बघत होती. डब्यात हात घालून आपणच एका लेकीचं आयुष्य दुसरीला देऊन टाकलं, असं आईच्या मनात आलं.

धाकटीवर आता पुढचे उपचार ठरवायचे, तर आधी तिच्या पोटात काय गेलं ते कळायला हवं होतं. डॉक्टरांनी चाचणीच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला, दोघींचे क्रमांक सांगितले आणि ऐकत राहिले.

"दोघींच्याही? नक्की?"

फोन ठेवून ते पेनाच्या टोपणाशी चाळा करत बसले. मग बोलले ते इतकं हळू, की आईला पुढे वाकावं लागलं.

"दोघींच्याही गोळ्यांत औषध नव्हतं."

आई उठली. तिनं ते न लागणारं दार सताड उघडलं.

"मघाशी बोललात ते माझ्या दोन्ही लेकींनी ऐकलंय, डॉक्टर. आता हेही तेवढ्याच मोठ्यानं बोला. धाकटीला ऐकू येणाऱ्या आवाजांतला एक तरी खरा असू दे."