शेवटची खूण

माधुरीबाईंनी चहाला हात लावला नाही. त्यांनी सरळ विचारलं, "सम्राट कुठे आहे?"

चुलीपुढे बसलेल्या भागिरथीने मान वर केली नाही. उत्तर तिच्या नवऱ्याने, सहादूने दिलं.

"मुंबईला गेलाय. कामाला."

"पत्ता?"

"पत्ता न्हाई, बाई. गेला तो गेलाच."

असंच काहीतरी ऐकावं लागणार, हे बाई नगरहून अकोले गावाच्या एसटीत बसतानाच धरून चालल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवल्यावर खोटं बोलणारा माणूस चटकन कळतो. सहादू जमिनीकडे बघत होता. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारचा खिळा रिकामा होता. त्याला एक दोरा तेवढा लोंबत होता आणि खाली धुराने न काळवंडलेला चौकोन दिसत होता. पोराचा फोटोसुद्धा लपवलाय, बाईंच्या मनात आलं.

चार महिन्यांपूर्वी, नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, त्यांचा एकुलता एक योगेश या डोंगरात कड्यावरून पडून गेला होता. सोबत वाट दाखवायला सहादूचा मुलगा सम्राट होता. योगेशचा देह ताब्यात घ्यायला बाईंचा भाऊ आला होता. सोबतच्या पोराचा पत्ता लागला नाही, एवढंच त्याने परत येऊन सांगितलं. त्या दिवसापासून बाईंना एकच गोष्ट हवी होती. आपल्या मुलाला एकट्याला टाकून जो पळाला, त्याला समोर उभं करून का पळालास म्हणून विचारायचं, आणि मग कोर्टात खेचायचं. या रागावरच त्या उभ्या होत्या. राग नसता तर त्या अंथरुणातून उठल्याही नसत्या. येत असल्याचं पत्र सहादूला पाठवताना त्यांनी हेही लिहिलं होतं.

"निदान जागा तरी दाखवा," त्या म्हणाल्या.

सहादूने कोपऱ्यातली काठी उचलली.

बाईंच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. दोन्ही योगेशची, दोन्ही त्यांना सैल. अमेरिकेतल्या दुसऱ्या मामाने पाठवलेली. डाव्या हातातलं उपग्रहांवरून जागा ओळखायचं. एखाद्या ठिकाणाची खूण त्यात साठवली, की ते ठिकाण कुठल्या दिशेला आणि किती लांब आहे हे बाणाने दाखवायचं. उजव्या हातातलं हवेचा दाब आणि उंची सांगायचं. दोन-दोन घड्याळं घालतोस, एक दिवस तरी वेळेवर घरी ये, असं त्या त्याला चिडवायच्या.

दोन तासांच्या चढणीनंतर एक सपाटी लागली. करवंदीच्या जाळीपाशी गुडघाभर उंचीचा दगड उभा होता. त्यावर चुन्याने योगेशचं नाव लिहिलं होतं. डोंगरात गेलेल्या माणसाच्या नावाने, तो जिथे गेला तिथेच दगड उभा करायचा, अशी त्या गावाची रीत होती.

"हितंच," सहादू म्हणाला.

बाईंनी पिशवीतली शेवंतीची फुलं दगडापुढे ठेवली. इथे आल्यावर रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. दगडाच्या बुडाची माती भुसभुशीत होती. ऑगस्टपासूनचा पाऊस खाल्लेली माती अशी नसते.

त्या उठल्या आणि डावा हात आभाळाखाली धरून उभ्या राहिल्या. पाचेक मिनिटांनी बाण उमटला. योगेशने साठवलेली शेवटची खूण पश्चिमेला होती. सातशे मीटर.

"मशिनचं काय खरं धरता, बाई."

"शंभर मीटरची चूक धरायची, असं योगेशच सांगायचा. सातशेची नाही." त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. "इथली उंची अकराशे पन्नास. आणि हे बघा."

पिशवीतून त्यांनी योगेशची वही काढली. शेवटचं पान पाठ होतं, तरी वाचून दाखवलं. "उंची तेराशे दहा. दाब झपाट्याने उतरतोय. सम्राट परत फिरू म्हणतोय. मी बाण धरून पुढे जाणार."

त्यांनी वही मिटली. "परत फिरू म्हणत होता. आणि फिरला. माझ्या मुलाला तिथे टाकून."

"व्हय," सहादू म्हणाला. "फिरला आसंल."

"मग खरी जागा का लपवता?"

"तितला कडा लई वंगाळ हाय. नका जाऊ, बाई. तुमच्या पाया पडतो. हितंच हात जोडा अन् घरला चला."

बाई चालू लागल्या होत्या. सहादू मागून धावला, पुढे झाला आणि अवघड जागी हात देऊ लागला. पोराचं बिंग फुटणार म्हणून पुढे पुढे करतोय, बाईंना वाटलं.

"तुमच्या मुलाला मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका सोडू."

"जगात कुठेही असला तरी."

सहादूने वाटेवरची काटेरी फांदी काठीने बाजूला धरली आणि त्या जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.

बाण सरळ होत गेला. चारशे मीटर. दोनशे. नव्वद. उजव्या घड्याळात तेराशेचा आकडा आला. झाडं संपली, वारा तोंडावर आला. पुढे कड्याची धार आणि तिच्यापलीकडे नुसतं आभाळ होतं. सहादू मागेच थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

धारेपासून दहा पावलांवर दोन दगड शेजारी शेजारी उभे होते. दोन्हींच्या बुडाशी पावसाळ्यातलं गवत वाढून वाळलं होतं. एकावर योगेशचं नाव होतं, दुसऱ्यावर सम्राटचं. खाली तारीख एकच होती.