लोखंड चालत नाय

पाठदुखीसाठी मनकर्णाबाईंच्या कमरेत, कातडीखाली, डॉक्टरांनी मशीन बसवलं. दर शुक्रवारी पट्टा बांधून, तासभर जागचं न हलता, ते घरीच चार्ज करायचं. पहिल्याच शुक्रवारी आशा सूनबाई लगबगीनं आली.

"आत्या, कमरेचा जुडगा द्या माझ्याकडं. मशीनजवळ लोखंड चालत नाय."

न्हाणीतही न सुटणारा किल्ल्यांचा जुडगा सुटला. तेव्हापासून इकडं मशीनची चार्जिंग चढायची अन् तिकडं कोठीतलं तूप उतरायचं. पाचोडला सूनबाईंचं माहेर मात्र चांगलं बाळसं धरत होतं.

तपासणीला गेल्यावर मनकर्णाबाईंनी डॉक्टरांना लोखंडाचं अन् सुनेकडं द्याव्या लागणाऱ्या जुडग्याचं विचारलं. डॉक्टर हसले. "मग किल्ली गळ्यात अडकवा की, आजी! सुनेकडं कशाला?"

येताना मनकर्णाबाईंनी गुलमंडीच्या बाजारात कुलपांच्या दुकानापुढं रिक्षा थांबवली. शुक्रवारी पट्टा बांधला अन् जुडगा आपणहून सुनेच्या हातात ठेवला.

थोड्या वेळानं आशा घामाघूम होऊन परत आली. "आत्या, कोठीची किल्ली लागंना हो!"

मनकर्णाबाईंनी गळ्यातल्या नव्या काळ्या दोऱ्यावर पदर ओढला.



"लागंना व्हय? चार्जिंग उतरली आसंल बाई तिची."