खिळ्यावरचे दोर

"दोर सोडशील गं, पण मग पोरांना कडा कोण शिकवणार?" एल्स्पानं लेकीला विचारलं होतं.

सुन्नुवा हसली होती. "शाळा शिकवेल, आई. शाळा असते कशाला?"

बेटांच्या राजधानीला, टोर्सहाव्हनला जाऊन शिक्षिकेची परीक्षा पास झालेली सुन्नुवा ही त्या गावातली पहिली बाई. गाव कड्यावर. गवताचा उतार संपतो तिथे समुद्र सुरू होतो, पण फार खाली. पुरुष बोटी घेऊन मासेमारीला आइसलंडकडे गेलेले, बाया गवत कापायला. मग लहान मुलांचं काय? कमरेला लोकरीचा दोर, दोराचं टोक खुंटीला. मेंढीसारखं. लहानपणीचा तो काच सुन्नुवाला अजून आठवायचा. नवरा बोटीबरोबर बुडाल्यावर ती तान्ह्या टोराला घेऊन माहेरी परतली, आणि टोरा चालायला लागली तशी तिनं चर्चशेजारच्या खोलीत चिमुरड्यांची शाळा काढली. आसपासच्या गावांत असलं काही कुणी ऐकलं नव्हतं.

पहिला दोर शेजारच्या मालाननं आणून दिला. तिची लेक हान्सिना टोराएवढीच. "ही चावते बरं का," मालान म्हणाली. "मग दोर परत न्या म्हणायचं नाही हं, मास्तरीणबाई!" बाया खिदळल्या. एकेक करत सगळे दोर शाळेतल्या खिळ्यांवर लटकले. एल्स्पानं तेवढा आपला दिला नाही. मेंढीला लागतो म्हणाली.

दाराला सुन्नुवानं उंचावर कडी बसवली होती. आत मुलं गाणी म्हणत, पाटीवर अक्षरं काढत. तीन उन्हाळे एकाही खुंटीला मूल दिसलं नाही. तपासणीला आलेले साहेब खिळ्यावरचे दोर बघून म्हणाले, "हे मात्र जपून ठेवा. लोकांना दाखवायला होतील."

त्या दिवशी ऊन पडलं होतं. तिकडे ऊन पडलं की गवत वाळवायला घरातला प्रत्येक हात लागतो. सुन्नुवानं मुलांना आत ठेवून बाहेरून कडी घातली आणि घळीला वळसा घालून शेतात गेली. थोडाच वेळ, म्हणून. ही घळ म्हणजे गावाच्या मधोमध शिरलेली समुद्राची चीर.

धुकं डोंगरावरून उतरलं ते एकदम. हातातलं दाताळं दिसेना. आणि घळीच्या पलीकडून मुलांचं हसणं ऐकू आलं. मोकळ्यावरचं हसणं. दाराच्या फटीतून काठी घालून कडी उचलायला हात वरपर्यंत पोचावा लागतो. तीन उन्हाळ्यांत मुलं उंच झाली होती.

"टोरा!" सुन्नुवा किंचाळली.

"आले, आई!" पलीकडून आवाज आला.

शेजारी गवत पसरणाऱ्या एल्स्पाचा हात खाडकन तिच्या तोंडावर बसला. "गप्प! तू दिसत नाहीस तिला, नुसती ऐकू येतेस. मध्ये घळ आहे. सरळ तुझ्याकडेच धावेल ती."

मग शेतात कुणीच काही बोललं नाही. मालाननं मूठ तोंडात कोंबली. पलीकडून एक बारीक आवाज "आई, आई" करत राहिला. तो कुणाचा, हे दोन्ही आयांना कळत नव्हतं. सुन्नुवा दगडी कुंपण चाचपत घळीच्या वरच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली. पळता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती. शाळेच्या दारात मुलं एकमेकांना धरून उभी होती. दोघी कमी होत्या.

ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत उतार उतरू लागली. खालून लाटांचा आवाज मोठा मोठा होत गेला. मग हाताला एक बूट लागला. टोरा गवतात पाय पसरून बसली होती. दगड मारला तर घळीत पडेल, इतक्या जवळ.

"इथे का बसलीस गं?"

"संपला ना."

"काय संपला?"

"दोर. आजीचा दोर इथपर्यंतच पुरतो."

सुन्नुवानं तिची कंबर चाचपली. कमरेला काही नव्हतं. रोज संध्याकाळी ती पाट्या तपासत बसायची, तेव्हा आजी नातीला मेंढ्या बघायला म्हणून घेऊन जायची.

"आणि हान्सिना?"

"ती पुढे गेली. तिला आजी नाही ना."

हान्सिना सापडली ती घळीच्या अगदी काठावर. उभी होती, समोरच्या धुक्याकडे बघून आईला हाका मारत होती. कुणी ओ दिली नव्हती, म्हणून ती अजून तिथेच होती. सुन्नुवानं मागून येऊन तिला कवेत घेतलं, तेव्हा ती चावली.

पुढच्या उन्हाळ्यात खिळे रिकामे झाले. शाळा उघडली की बाई आधी मुलांच्या कमरेला दोर बांधत, स्वतःच्याही बांधत, आणि सगळ्यांना कड्यावर पालथं झोपवून खाली बघायला लावत. दर महिन्याला दोर थोडा लांब होई. साहेबांनी विचारलं, हा कुठला विषय?

"भूगोल," सुन्नुवा म्हणाली.

तुमच्या शेजारीही एखादी हान्सिना असेल. घर सुरक्षित, दाराला कडी, आणि आजी नाही. हे वाचून झालं की तिला बघून या. लांबून हाक मारू नका. चालत जा.